मावशीच्या गोळ्यांचा इतिहास

दिवाळीत मावशीकडे डोंबिवलीला गेलो होतो. फराळ चालू असताना ती सहज म्हणाली, "अरे, हल्ली माझी डाव्या पायातली चप्पल रस्त्यात कधी निसटते तेच कळत नाही. परवा भाजी घेऊन घरी आले तर एकच चप्पल पायात!" सगळे हसले. मीही हसलो. काका म्हणाले, "दुसरी कुठल्या देवळाबाहेर मिळते बघतो."

तीन आठवड्यांनी तिचा रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा कळलं की त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. चार वर्षांपूर्वी मावशीचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, गॅस्ट्रिक बायपास. तेव्हा वजन ११८ किलो, मधुमेह, गुडघे गेलेले, जिना चढायचा म्हणजे दोन वेळा बसायचं. दीड वर्षात ती ७६ वर आली. साखरेच्या गोळ्या जवळजवळ बंद झाल्या, रायगड रोपवेने का होईना पण बघून आली. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गोळ्यांची यादी दिली होती आणि 'या जन्मभर घ्यायच्या' असं बजावलंही होतं. पहिलं दीड वर्ष तिने इमानदारीत घेतल्या. मग एकदा रिपोर्ट अगदी छान आला. झालं! "रिपोर्ट नॉर्मल आहे, खाणं व्यवस्थित आहे, मग ह्या महागड्या गोळ्या कशाला?" म्हणून बंद. फक्त कोपऱ्यावरच्या केमिस्टकडची 'रक्तवाढीची' गोळी तेवढी चालू ठेवली, लोह आणि फॉलिक ॲसिडची.

आता बी-१२ तपासलं तर जवळपास तळाला गेलेलं. पायाच्या मज्जातंतूंवर परिणाम झालाय म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली.

त्या दिवशी मावशीने मला एक प्रश्न विचारला. मी कॉम्प्युटरवाला, म्हणजे मला सगळं माहीत असतं असा तिचा समज आहे :) "मी आता आधीपेक्षा कितीतरी चांगलं खाते रे. ताक, पनीर, मूग, पालेभाजी. वडापाव चार वर्षांत शिवलेला नाही. मग कमी कसं पडलं? आणि पडलं तर दोन वर्षं कळलं का नाही?"

मला उत्तर येत नव्हतं. मग तीन-चार वीकेंड यावर वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की मावशीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षं लागली आहेत आणि त्यातला एक तुकडा चक्क आपल्या परळला सापडलाय. म्हणून हा लेख. (मी डॉक्टर नाही. गोळी कुठली, किती, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी फक्त गोष्ट सांगतोय.)

*

गोष्ट सुरू करायला १८८१ साल फार सोयीचं आहे. त्या एका वर्षात दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे तेव्हा कोणालाही कळणं शक्य नव्हतं.

पहिली घटना व्हिएन्नातली. २९ जानेवारी १८८१ रोजी थिओडोर बिलरोथ या सर्जनने एका ४३ वर्षांच्या बाईच्या जठराचा कॅन्सर झालेला भाग कापून काढला आणि उरलेलं जठर पुन्हा आतड्याला जोडलं. त्याआधी पॅरिसमध्ये पेआँने १८७९ साली आणि रिडिगिएरने १८८० साली हे करून पाहिलं होतं. दोघांचेही रुग्ण वाचले नव्हते. बिलरोथची रुग्ण ऑपरेशनमधून वाचली, खाऊ-पिऊ लागली. पुढे चार महिन्यांनी कॅन्सर पसरल्यामुळे ती गेली, पण जठराचा तुकडा काढूनही माणूस जगतो हे सिद्ध झालं. सोळा वर्षांनी, १८९७ साली, झुरिकच्या श्लाटरने एका बाईचं अख्खं जठर काढलं आणि त्यानंतर ती वर्षभराहून जास्त जगली. त्याच दशकात लोझानच्या सेझार रूने आतडं इंग्रजी 'वाय' अक्षरासारखं जोडायची पद्धत बसवली. मावशीच्या पोटात आज जी जोडणी आहे ती याच रूच्या नावाने ओळखली जाते.

दुसरी घटना जर्मनीतली. कार्ल वेर्निके नावाच्या मेंदूच्या डॉक्टरने त्याच वर्षी तीन रुग्णांची हकिकत छापली. तिघांची लक्षणं सारखी : डोळे नीट हलत नाहीत, चालताना तोल जातो, मनाचा गोंधळ उडालेला. तिघंही काही दिवसांत दगावले. त्यातले दोघे दारुडे पुरुष होते, त्यामुळे पुढे हा रोग दारूशी कायमचा जोडला गेला. पण तिसरी रुग्ण दारुडी नव्हतीच. ती होती शिवणकाम करणारी वीस वर्षांची मुलगी. तिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं होतं. त्यातून वाचली, पण जठराचं तोंड आकसलं आणि तिला सतत उलट्या होऊ लागल्या. आठवडेच्या आठवडे पोटात काही टिकेना. आणि मग हे सुरू झालं.

मला ही शिवणकामवाली मुलगी विसरता येत नाही. कारण जठराच्या ऑपरेशननंतर जे रुग्ण सारख्या उलट्या करतात त्यांच्यात डॉक्टर आज हेच शोधतात. तिच्या मेंदूला जे मिळत नव्हतं त्याचं नाव आहे थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. पण १८८१ साली 'जीवनसत्त्व' हा शब्दच नव्हता. कुठल्याच भाषेत.

*

तो शब्द यायला भात कारणीभूत झाला.

जपानी आरमारात तेव्हा बेरीबेरीने माणसं पटापट मरत होती. पाय सुजायचे, लुळे पडायचे, हृदय बंद पडायचं. १८८२-८३ साली रयूजो हे शिकाऊ जहाज लांबच्या सफरीवरून परत आलं तेव्हा ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झालेली आणि २५ मेलेले. ताकाकी कानेहिरो या आरमारी डॉक्टरने हट्ट धरून पुढच्या वर्षी दुसरं जहाज, त्सुकुबा, त्याच मार्गाने पाठवलं. फक्त जेवण बदललं. पांढरा भात कमी आणि मांस, जव, कडधान्य जास्त. एकही मृत्यू नाही! आमच्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळं तेच ठेवून एकच पॅरामीटर बदलून टेस्ट रन केला. गंमत म्हणजे ताकाकीने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. त्याला वाटलं प्रथिनं कमी पडतायत. पण टेस्ट बरोबर होती.

मग जावामध्ये आइकमान या डच डॉक्टरच्या कोंबड्या लंगडायला लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतल्यावर कळलं, मधल्या काळात त्यांना लष्करी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घालत होते. नंतर नवा आचारी आला. साध्या कोंबड्यांना लष्कराचा भात द्यायला तो तयार नव्हता, म्हणून त्यांना परत बिनसडीचा तांदूळ मिळू लागला. त्या आचाऱ्याच्या कंजूषपणाला अर्धं नोबेल द्यायला हरकत नव्हती. (आइकमानला मिळालं, १९२९ साली.) तांदळाच्या कोंड्यात काहीतरी आहे, हे नक्की झालं. १९१२ साली कासिमिर फुंकने अशा सगळ्या 'काहीतरीं'साठी 'व्हायटामिन' हा शब्द काढला.

आपल्या कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पितात ना, तीही याच गोष्टीतली आहे. भात सडण्याआधी उकडला की कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत मुरतं, मग सडलं तरी बरंचसं टिकतं. शास्त्राला कळायच्या कित्येक पिढ्या आधी आपल्या आज्या हे करत होत्या, अर्थात वेगळ्याच कारणांसाठी.

थायमिनची रासायनिक रचना उलगडून ते कारखान्यात बनवण्याजोगं केलं रॉबर्ट विल्यम्सने, १९३६ साली. याच्याबद्दल वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. एक म्हणजे हा माणूस जन्मला आपल्याकडे, नेल्लोरला, मिशनरी आई-बापांच्या पोटी. आणि दुसरं, त्याची नोकरी होती बेल टेलिफोन लॅबोरेटरीत! तीच बेल लॅब, जिथे पुढे ट्रान्झिस्टर, युनिक्स आणि सी जन्मले. दिवसा टेलिफोन कंपनीची केमिस्ट्री आणि उरलेल्या वेळात बेरीबेरी, असं या गृहस्थाने वीसेक वर्षं केलं. वीकेंडला काहीबाही करत बसणाऱ्या आम्हा लोकांना यापेक्षा चांगला आदर्श कुठला?

थायमिनबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा. शरीरात त्याचा साठा असतो साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम, आणि तो दोन-तीन आठवडे पुरतो. बस्स. म्हणून ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील तर 'होईल बरं हळूहळू' म्हणत घरी बसायचं नसतं.

*

आता मावशीच्या बी-१२ कडे येऊ. हा साठा नेमका उलटा वागतो, आणि म्हणूनच फसवतो.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या थॉमस ॲडिसनने एक विचित्र पंडुरोग नोंदवला होता. माणूस पिवळट पडत जायचा, थकायचा, हातपाय बधिर व्हायचे आणि शेवटी मरायचा. उपाय शून्य. म्हणून नावच पडलं 'पर्निशस', म्हणजे घातक ॲनिमिया. १९२६ साली बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी जाहीर केलं की ४५ रुग्णांना त्यांनी रोज भरपूर लिव्हर खाऊ घातलं आणि ते सुधारले. आदल्या वर्षापर्यंत मरणारी माणसं आता उठून चालायला लागली. १९३४ साली त्या दोघांना व्हिपलबरोबर नोबेल मिळालं.

पण प्रश्न तसाच राहिला. हे रुग्ण काही उपाशी नव्हते. शेजारी जे खायचे तेच हेही खायचे. मग यांनाच का कमी पडावं? मंडळी, हा शब्दशः माझ्या मावशीचा प्रश्न आहे!

उत्तर शोधलं विल्यम कॅसल या जेमतेम तिशीतल्या डॉक्टरने, बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये. (जेवत असाल तर पुढचा परिच्छेद नंतर वाचा.)

कॅसलला माहीत होतं की या रुग्णांच्या जठरात ॲसिड नसतं. त्याला शंका आली की दोष अन्नात नसून जठरात असेल. मग त्याने प्रयोग रचला. आधी दहा दिवस रुग्णाला रोज २०० ग्रॅम मांस दिलं. रक्तात काही फरक नाही. पुढचे दहा दिवस कॅसलने स्वतः रोज सकाळी ३०० ग्रॅम कमी शिजवलेलं मांस खाल्लं, तासाभराने ते उलटी करून बाहेर काढलं, ते पातळ होईपर्यंत उबेत ठेवलं, आणि नळीने रुग्णाच्या पोटात घातलं. रुग्णाला अर्थातच काही सांगितलं नव्हतं. (आजची कुठलीच कमिटी याला परवानगी देणार नाही.) सहाव्या दिवसाच्या सुमारास रुग्णाच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. नुसता जठररस देऊन काही झालं नाही. नुसतं मांस देऊनही नाही. दोन्ही एकत्र हवेत.

१९२९ साली त्याने हे छापलं. अन्नात एक गोष्ट असते आणि निरोगी जठरातून दुसरी पाझरते, ती म्हणजे 'इन्ट्रिन्सिक फॅक्टर'. पहिल्या गोष्टीचा पत्ता १९४८ साली लागला. अमेरिकेत मर्क कंपनीत आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोत, दोन्हीकडे वेगवेगळे लाल स्फटिक मिळाले. तेच बी-१२. त्याची गुंतागुंतीची रचना १९५० च्या दशकात डोरोथी हॉजकिनने क्ष-किरणांनी उलगडली आणि १९६४ चं नोबेल मिळवलं.

यंत्रणा अशी आहे. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. जठरातलं ॲसिड आणि पाचक रस ते सोडवतात. मग जठरातूनच आलेला इन्ट्रिन्सिक फॅक्टर पुढे लहान आतड्यात त्याला पकडतो. ही जोडी पार आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत जाते आणि तिथेच आत घेतली जाते. टोकन असल्याशिवाय सर्व्हर रिक्वेस्ट स्वीकारत नाही, तसं. नुसतं बी-१२ दारात आलं तरी 'कोण आपण?' म्हणून परत.

बायपासमध्ये जठराचा वरचा छोटासा कप्पा, साधारण दोन मोठे चमचे मावतील एवढा, वेगळा करून थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. बाकीचं जठर पोटातच असतं, पण अन्न तिकडे जातच नाही. छोट्या कप्प्यात ॲसिड फारसं बनत नाही. अन्न आणि पाचक रस यांची गाठ पडते ती बऱ्याच पुढे. म्हणजे मावशीचं ताक-पनीर कमी नव्हतं, पण त्यातलं बी-१२ सोडवणारी आणि त्याला टोकन देणारी जागाच वळणरस्त्याने टाळली गेली होती. (दुसरं ऑपरेशन असतं स्लीव्ह. त्यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापूनच टाकतात. तिथेही बी-१२ चा धोका राहतोच.)

मग दोन वर्षं कळलं का नाही? कारण लिव्हरमध्ये बी-१२ चा साठा असतो २ ते ५ मिलिग्रॅमचा, आणि रोजची गरज २-अडीच मायक्रोग्रॅम. भागाकार करून बघा. आवक बंद पडली तरी वर्षानुवर्षं दुकान चालतं. आमच्याकडे याला मेमरी लीक म्हणतात. सर्व्हर दिवसेंदिवस मस्त चालतो, सगळे ग्राफ हिरवे, आणि एका रात्री अडीच वाजता फोन येतो. मावशीचा दीड वर्षाचा 'छान' रिपोर्ट हा गोळ्यांचा आणि शिलकीचा रिपोर्ट होता. त्यात ती शाकाहारी, आणि आधी मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतलेलं. त्याने बी-१२ आणखी कमी होतं. म्हणजे मुळात शिल्लकही फार नसणार.

*

आता परळ.

१९२८ साली लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना, त्यात गिरण्यांत काम करणाऱ्याही होत्या, जीवघेणा ॲनिमिया व्हायचा. रक्त तपासलं तर दिसायचं हुबेहूब घातक ॲनिमियासारखं. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने काम सुरू केलं. आधी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग बायका काय खातात ते बघितलं. उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले. शेवटी एका आजारी माकडाला तिने मार्माइट चाटवलं. मार्माइट म्हणजे ब्रिटिश लोक ब्रेडला लावतात तो यीस्टचा खारट काळा लगदा. माकड बरं झालं! मग बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. १९३१ साली तिने हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्या अज्ञात पदार्थाला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि नाव मिळालं फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला जी गोळी देतात तिचं मूळ परळला आहे, हे मला इंजिनिअरिंग संपेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

पण विल्सने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क घातक ॲनिमियावर चालायचा, तो या बायकांवर चालत नव्हता. म्हणजे दिसायला सारखे, पण हे दोन वेगळे बिघाड.

याची किंमत १९४० च्या दशकात कळली. फॉलिक ॲसिड कारखान्यात बनू लागलं तसं ते घातक ॲनिमियाच्या रुग्णांनाही देऊन पाहिलं. रक्त झकास सुधारलं. हिमोग्लोबिन वर गेलं, सगळे खूश. आणि तिकडे मज्जातंतूंचा बिघाड मात्र चालूच राहिला, काहींचा तर वाढला. फॉलिक ॲसिडने रक्तातली खूण पुसली होती, रोग नाही.

इथे वाचताना मी थांबलो. मावशीने सगळ्या गोळ्या बंद करून कुठली एकच चालू ठेवली होती? लोह आणि फॉलिक ॲसिडची. तिचं हिमोग्लोबिन १२.४ होतं. ते बघून घरातले आम्ही सगळे 'काही झालेलं नाही, वय झालं आता' म्हणत होतो. ऐंशी वर्षांपूर्वीची चूक आम्ही डोंबिवलीत जशीच्या तशी परत केली होती.

*

एक भाग राहिला, हे ऑपरेशन आलं कुठून?

१९५४ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या क्रेमेन आणि लिनर यांनी वजन कमी करण्यासाठी आतडं वळवायचा मार्ग मांडला. पुढे पेन आणि डीविंड यांनी १९६९ साली जी पद्धत छापली त्यात लहान आतड्याचे सुरुवातीचे १४ इंच शेवटच्या ४ इंचांना जोडायचे. वीसेक फुटांच्या आतड्यातलं दीड फूट वापरात! वजन धडाधड उतरायचं, पण त्याबरोबर जुलाब, मुतखडे, जीवनसत्त्वांची कमतरता, काहींचं लिव्हर निकामी. १९८० च्या आसपास ही पद्धत मागे पडली आणि हजारो लोकांच्या पोटातली जोडणी पुन्हा उलगडावी लागली.

दरम्यान आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसनच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. अल्सरसाठी ज्यांचं जठर काढलंय ते लोक बारीकच राहतात. १९६६ साली त्याने आणि चिकाशी इतोने हेच मुद्दाम लठ्ठपणासाठी केलं. हा पहिला गॅस्ट्रिक बायपास. १९७७ मध्ये ग्रिफेनने त्याला रूची 'वाय' जोडणी दिली आणि १९९४ मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी ते दुर्बिणीतून केल्याचं छापलं. १९९१ साली अमेरिकेत नियम ठरला की बीएमआय ४० च्या वर, किंवा इतर आजार असतील तर ३५ च्या वर. २०२२ साली तो ३५ आणि ३० वर आणला, आणि आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच विचार करावा असं म्हटलं. म्हणजे ही ऑपरेशनं आता आपल्या आजूबाजूला वाढतच जाणार.

मेसनने जे हेरलं ते खरंच होतं. पण अल्सरवाल्यांचा आणखी एक इतिहास होता. जठर काढल्यावर काही वर्षांनी येणारा ॲनिमिया, ठिसूळ हाडं, आणि गोड खाल्लं की घाम, धडधड, चक्कर. या शेवटच्याला 'डम्पिंग' म्हणतात, हा शब्द १९२२ पासूनचा आहे. (मावशीने हे पहिल्या होळीलाच अनुभवलं. अर्धी पुरणपोळी खाल्ली आणि तासभर आडवी.) बारीक राहणं आणि ही कमतरता एकाच पॅकेजमध्ये आली होती. वेगवेगळी इन्स्टॉल करायची सोय नव्हती.

म्हणून आज डॉक्टर जी यादी देतात ती कुठल्या औषध कंपनीची खोड नाही. तिच्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक जुना अपघात आहे. लोह आणि कॅल्शियम आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात सर्वांत जास्त शोषलं जातं, तोच बायपासमध्ये वगळलेला असतो. म्हणून कॅल्शियम रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम, शक्यतो सायट्रेट, कारण त्याला ॲसिड लागत नाही. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी सोडायचे, नाहीतर दोघं एकमेकांची वाट अडवतात. सोबत ड जीवनसत्त्व. थायमिन रोज किमान १२ मिलिग्रॅम. आणि बी-१२ तोंडाने ३५० ते १००० मायक्रोग्रॅम.

मला आधी वाटलं, गरज अडीच मायक्रोग्रॅम, मग हजार कशाला? तर टोकन नसतानाही मोठ्या डोसमधलं साधारण एक टक्का बी-१२ आतड्यातून नुसतंच झिरपतं. हजारातले दहा. म्हणजे दार बंद असताना फटीतून आत टाकण्यासाठी एवढा ढीग आणायचा. सगळा हिशोब कॅसलच्या त्या किळसवाण्या प्रयोगापर्यंत मागे जातो.

खाण्याचे नियमही तसेच. आधी डाळ-पनीर-अंडं, मग जागा उरली तर भात-पोळी, कारण छोट्या कप्प्यात जागा मोजकी आणि प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम तरी हवीत. घास लहान, चावून चावून. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. गोड जपून. मावशी हे सगळं अगदी मन लावून पाळत होती. चांगलं खाणं तिने सोडलंच नव्हतं. 'चांगलं खाल्लं की पुरतं' हा जो आपला पिढ्यानुपिढ्यांचा नियम आहे ना, तो पूर्ण जठर असलेल्या माणसासाठी आहे, एवढंच तिला कोणी समजेल असं सांगितलं नव्हतं. 'जन्मभर घ्या' सांगितलं, 'का' ते सांगितलं नाही. आणि कारण माहीत नसलेली ओळ माणूस कधी ना कधी डिलीट करतोच. मी ऑफिसात दहा वेळा केली आहे.

*

गेल्या रविवारी पुन्हा गेलो होतो. हे सगळं तिला सांगितलं, कॅसलच्या उलटीसकट. "शी! मेल्या, जेवायच्या वेळी?" म्हणाली, पण शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे माझं खाणं चुकलं नव्हतं?"

"नाही गं."

ती जरा वेळ गप्प बसली. मला वाटतं या दोन महिन्यांत तिला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं.

इंजेक्शनांनी थकवा गेलाय. तोल सुधारलाय. डाव्या पायाची बोटं मात्र अजून बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, काही परत येईल, सगळं येईलच असं नाही. उशीर झाला की असंच असतं. सात कप्प्यांची डबी आणून दिली होती, ती तिने मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवली. "मीठ घालायला कोणी आठवण करतं का? तसंच हे," म्हणाली.

तुमच्या घरात, ओळखीत कोणाचं असं ऑपरेशन झालं असेल, दोन-चार वर्षं होऊन गेली असतील, वजन छान उतरलं असेल आणि सगळे कौतुक करत असतील, तर एकदा सहज विचारा की गोळ्या चालू आहेत ना? आणि हिमोग्लोबिन बरं आहे एवढ्यावर थांबू नका, बी-१२ वेगळं तपासलंय का विचारा. चप्पल निसटल्याचा विनोद ऐकून हसण्याआधी तर नक्कीच.

असो. बराच लांबला लेख. पुढच्या शनिवारी भेटू.